मी इथलाच

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. अर्जावर माझं नाव वाचून साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "मूळचे कुठले?" मी मराठवाड्यातल्या माझ्या तालुक्याचं नाव सांगितलं. "ते झालं हो, पण मूळचे?" आमच्या चार पिढ्यांच्या कबरी त्याच गावात आहेत. आता याहून मूळ ते काय सांगणार? घाईघाईत बोलून गेलो, "आय ॲम फ्रॉम हिअर ओन्ली, सर."

साहेब हसले. प्रश्न तिथेच राहिला आणि माझं व्याकरण पुढे आलं. "ओन्ली असं शेवटी लावत नाहीत," ते म्हणाले. "क्रियाविशेषणाची जागा ठरलेली असते." नोकरी मिळाली नाही. ती त्या ओन्लीमुळे गेली असं म्हणणार नाही, पण शब्द मात्र डोक्यातून गेला नाही.

खरं तर नियम मला पाठ होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचे इंग्रजीचे सर तो बाकावर मुलं बसवून शिकवायचे. एक पोरगा कर्ता, एक क्रियापद, आणि ऑलवेज, नेव्हर, ऑफन, ऑल्सो ही उनाड पोरं मधे. "ही ऑलवेज कम्स लेट." पण ॲम, इज, आर आले की ऑलवेज उठून त्यांच्या पलीकडे बसायचा. "ही इज ऑलवेज लेट." आणि सहाय्यकारी क्रियापद असेल तर ते आणि मुख्य क्रियापद या दोघांच्या मधे. "ही विल नेव्हर कम." मराठीत 'तो नेहमी उशिरा येतो' म्हणा की 'नेहमी तो उशिरा येतो' म्हणा, कोणी छडी मारत नाही. इंग्रजीत मात्र जागा सोडली की छडी.

ही जागा मोठमोठ्यांनाही चकवते. २० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनला बराक ओबामांचा शपथविधी होता. अमेरिकेच्या संविधानात शपथेचे शब्द ठरवून दिले आहेत, आणि त्यात 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मधे 'फेथफुली' हा शब्द येतो. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स कागद न बघता शपथ देत होते. त्यांनी 'फेथफुली' उचलून शेवटी नेला. ओबामा क्षणभर थांबले, दोघंही अडखळले. अर्थात काडीचाही फरक पडला नव्हता, तरी शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा अंदाज मांडला होता, की सहाय्यकारी आणि मुख्य क्रियापदाची जोडी फोडू नये या जुन्या समजुतीमुळे न्यायमूर्तींच्या जिभेने तो शब्द आपोआप हलवला असावा. म्हणजे आमच्या सरांनी मधे बसवलेलं पोर तिथे सरन्यायाधीशांनी मागच्या बाकावर पाठवलं!

तिथे जागा बदलून अर्थ तोच राहिला. माझ्या वाक्याचं उलटं होतं. साहेबांच्या नियमाने ओन्ली ॲमच्या पलीकडे आणून बघा: "आय ॲम ओन्ली फ्रॉम हिअर." वाक्य शुद्ध झालं, पण अर्थ झाला 'मी आपला फक्त इथला'. जणू इथलं असणं ही काहीतरी कमतरता आहे. मला तर म्हणायचं होतं, मी इथलाच.

तो 'च' मला इंग्रजीत कुठे बसवता येईना. इंग्रजीत ओन्ली एकदा कर्ता आणि क्रियापदाच्या मधे बसला की नेमका कोणाकडे बघतोय ते कागदावर कळत नाही. "आय ओन्ली गेव्ह सलीम हंड्रेड रुपीज." यात सलीमलाच दिले, की शंभरच दिले, की नुसते दिलेच, बाकी काही केलं नाही? बोलताना आवाजाचा जोर सांगतो, लिहिताना संदर्भावर सोडायचं. मराठीत ही सोय-गैरसोय नाही. आपल्या व्याकरणात च, ही, सुद्धा यांना शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. ज्या शब्दाचं म्हणणं, त्यालाच ती चिकटतात.

आणि गंमत अशी की हा 'च' फक्त मराठी पुस्तकांतला नाही. आमच्या घरात दखनी बोलतात. अम्मी म्हणते, "मैंच बोली थी उसकू." "येइच बात है." उत्तरेकडचे उर्दूवाले या 'च'ला हसतात, कारण त्यांच्याकडे तो नाही, 'ही' आहे. अभ्यासक सांगतात, दखनीत तो मराठीतून आला. शेजाऱ्याकडून विरजण आणावं आणि पुढे ते आपल्याच घरात वर्षानुवर्षं लागत राहावं, तसा. साहेबांनी ज्याला चूक म्हटलं तो ओन्ली हाच 'च' होता, इंग्रजी कपडे घालून आलेला. मी मूळचा कुठला याचा पुरावा माझ्या चुकीतच होता. त्यांना तो ऐकू आला नाही आणि मलाही तेव्हा सुचला नाही.

आता मुलगी सहावीत आहे. तिला मी बाकावरचा तोच खेळ खेळून नियम शिकवतो, तिचे मार्क जायला नकोत. ओन्ली कुठे बसवायचा तेही सांगतो. 'इथलाच'साठी इंग्रजीत 'फ्रॉम राइट हिअर' म्हणतात, हेही सांगून ठेवलंय.

परवा ती शाळेतून आली आणि म्हणाली, "अब्बा, एका नव्या मॅडमनी विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?"

मी जरा सावरून बसलो. "मग तू इंग्रजीत काय सांगितलंस?"

"इंग्रजीत कशाला? मॅडमनी मराठीत विचारलं, मी मराठीत सांगितलं. आम्ही इथलेच."