पासबुकातले विद्यापीठ

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसास आपल्या मुलखाच्या खुणा शोधण्याचा छंद जडतो. टपाल खात्यात असताना माझी बदली तंजावरास झाली, तेव्हा या छंदासाठी मला फारसे श्रम करावे लागले नाहीत. बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसले वंशाचा १८०३ सालचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महालातील मोडी कागद मीही इतरांप्रमाणे भक्तिभावाने पाहिले. परंतु वरिष्ठांबरोबर शाखा डाकघरांच्या तपासणीसाठी कावेरीकाठच्या खेड्यांतून हिंडू लागलो, तेव्हा एक निराळाच प्रश्न मनात घोळू लागला. विद्येचा खर्च या मुलखात कोणी सोसला, आणि आज कोण सोसतो?

जुने उत्तर ओरत्तनाडूस उभे आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली छत्रे हातची जाऊ दिली नाहीत. मुक्तांबाळच्या स्मरणार्थ त्यांनी येथे बांधलेल्या छत्रात वाटसरूला अन्न, आजाऱ्याला औषध आणि विद्यार्थ्याला शिक्षण मिळे. खर्च छत्राला नेमून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून होई. म्हणजे दान राजाचे असले, तरी भात शेतकऱ्याचेच होते. शिकणाऱ्याला मात्र त्यासाठी काही मोजावे लागत नसे.

नवे उत्तर तिरुचिरापल्लीच्या रस्त्यावर आहे. वल्लमच्या बाजूस जमीन उंचावते, भाताची हिरवळ मागे पडते आणि तांबडी माती दिसू लागते. तिथे तिरुमलैसमुद्रम येथे १९८४ साली षण्मुग अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. सतरा वर्षे ते इतर महाविद्यालयांसारखेच दुसऱ्या विद्यापीठाच्या छत्राखाली चालले. २००१ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ‘शास्त्र’ हे नाव रूढ झाले. जवळच वल्लम येथे १९८८ साली मुलींसाठी निघालेले पेरियार मणियम्मै अभियांत्रिकी महाविद्यालय २००७ साली त्याच पायरीवर चढले. अशा संस्थांचे रोजचे भांडवल म्हणजे विद्यार्थ्यांचे शुल्क. इमारतींवरच्या कोनशिलांत हे लिहिलेले नसते. आमच्या पासबुकांत मात्र स्पष्ट वाचता येते.

मेट्टूरचे धरण प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडते. पाणी येताच कुरुवै भाताच्या पेरणीसाठी बी-बियाणे, नांगरणी आणि मजुरी यांना पैसा लागतो. आणि नेमके त्याच सुमारास मुलांचे प्रवेशही सुरू होतात. एकाच महिन्यात एका घरातून दोन पेरण्या! पापनाशम तालुक्यातील एका शाखा डाकघरात मी असताना एक शेतकरी मुलीच्या पहिल्या वर्षासाठी मुदतपूर्व ठेव मोडावयास आला होता. व्याजाचे नुकसान होईल, हे आमच्या माणसाने त्यास समजाविले. तो शांतपणे म्हणाला, “पाणी एखाद्या वर्षी येत नाही, तेव्हा पेरणी थांबवितो. पडिप्पु थांबविता येत नाही.” पडिप्पु म्हणजे शिक्षण. मग त्याने अंगठ्याऐवजी मोठ्या कष्टाने सही केली. माझ्या दृष्टीने त्या विद्यापीठाच्या संस्थापकांत त्याचीही गणना व्हावयास हवी.

आपल्याकडेही खाजगी विद्यापीठाचा प्रयोग नवा नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा सरकारी सनद नव्हती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि कायद्याची मान्यता १९५१ पर्यंत लांबली. तेथे दात्याचे नाव संस्थेला मिळाले, आणि ते योग्यच झाले. परंतु जेथे दाता एक नसून हजारो पालक असतात, तेथे ऋण कोणाच्या नावे मांडावयाचे?

याचे एक उत्तर मला कुंभकोणमास सापडले. श्रीनिवास रामानुजन १९०४ साली तेथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितापुढे इतर विषय मागे राहिले आणि शिष्यवृत्ती गेली. सारंगपाणी संनिधी रस्त्यावरील त्यांचे लहानसे घर २००३ साली ‘शास्त्र’ने घेऊन जपले, आणि २००५ पासून बत्तीस वर्षांपर्यंतच्या गणितज्ञांसाठी त्यांच्या नावे पारितोषिक ठेवले. रामानुजन बत्तिसाव्या वर्षीच गेले, म्हणून ही मर्यादा. पहिल्या वर्षी ते मंजुल भार्गव आणि कण्णन सौंदरराजन यांना मिळाले. शुल्काच्या पैशावर उभे राहिलेले विद्यापीठ आपल्या भूमीचे ऋण फेडू शकते, याचा हा पुरावा होय.

तरी त्या घराच्या ओटीशी उभे असताना एक विचार मनास सोडीना. घर जपणे सोपे आहे. त्या घरातला मुलगा जपणे कठीण. आज तसा एखादा मुलगा, एकाच विषयाने झपाटलेला आणि शिष्यवृत्ती गमावलेला, शुल्काच्या खिडकीशी आला, तर त्याच्या मागे कोण उभे राहील? छत्राचे दार त्याला न विचारता उघडले असते. नव्या विद्यापीठांची खरी परीक्षा या खिडकीशी आहे, असे मला वाटते.

माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या नावे मीही खाते उघडले आहे आणि दर महिन्याच्या पगारातून त्यात थोडी भर घालतो. कोणत्या विद्यापीठाच्या भिंतीत ही रक्कम एके दिवशी बसेल, ते मला ठाऊक नाही. एवढेच मागणे की, त्या भिंतीला एक दार असे असावे, जेथे पासबुक विचारले जात नाही.