नाडीचा आकडा आणि नाडीची लय

करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचले. त्यावरील ऑक्सिजनचा आकडा आपण काळजीपूर्वक वाचतो. नाडीचा आकडा मात्र दुर्लक्षिला जातो, नाहीतर उगाच धास्ती देतो. ‘‘डॉक्टर, माझी नाडी ८४ आणि शेजारच्या भाऊंची ६४. माझे हृदय थकले का हो?’’ असा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा ऐकावा लागतो.

वाचकहो, विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ६० ते १०० असणे सर्वसाधारण मानले जाते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची ती ६०च्या खालीही असते. म्हणून तुलना करावी ती स्वतःच्याच नेहमीच्या आकड्याशी. एरवी ६८ असणारी नाडी काही दिवस सतत ९६ राहू लागली, तर ती शंभराच्या आत असली तरी डॉक्टरांना सांगावी. ताप, शरीरातील पाणी कमी होणे, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार अशी कारणे त्यामागे असू शकतात. उलट, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मंदावते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनीही ती मंदावू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. औषधे सांगताना थेंब विसरू नयेत. आणि आकडा पाहून गोळी परस्पर बंद तर मुळीच करू नये.

नाडी मोजावी ती सकाळी, चहापूर्वी, पाच मिनिटे शांत बसल्यावर. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठ्याने मोजू नये. त्याचे स्वतःचे स्पंदन फसवते. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे आणि आकडा वहीत लिहावा.

पूर्ण मिनिटाचा आग्रह का, ते सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची सून अशीच वही घेऊन आली होती. आकडे ७२, ७६, ७०, सारे यथायोग्य. खाली तिने लिहिले होते, ‘ठोके सारख्या अंतराने लागत नाहीत.’ आजींना काहीच त्रास नव्हता. ईसीजी काढला, तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत असल्याचे दिसले. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. गुठळी होऊ न देणारे औषध वेळेवर सुरू झाले आणि तो धोका पुष्कळ कमी झाला. नुसत्या आकड्यावरून हे कळले नसते. सुनेच्या बोटांना ते कळले.

नाडी वारंवार शंभरावर किंवा पन्नासाखाली जात असेल, अथवा लय बिघडलेली वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सोबत छातीत दुखणे, धाप, भोवळ किंवा शुद्ध हरपणे असेल, तर मोजत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी रोजचे हे एक मिनिट पुरेसे आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा हात तेवढा वेळ आपल्या हाती राहतो, हाही लाभ लहान नाही.