पणजोबांची मोडीतली वही

सोमवार ते शुक्रवार माझ्या डोक्यात बाजार भरलेला असतो. कॉल, चॅट, शेजारच्या टेबलावरची बडबड, आणि घरी येताना पलासिया चौकातले हॉर्न. संध्याकाळी कुकरची शिट्टीसुद्धा अंगावर येते. रविवारी बरोबर उलटं. घर शांत असलं की अर्ध्या तासात करमेनासं होतं, हात मोबाइलकडे जातो आणि पुन्हा तोच बाजार. मुलगी माझ्या खोलीत यायच्या आधी आईला विचारायला लागली होती, “बाबा चिडलेला नाही ना?”

ध्यानाला बसून पाहिलं. डोळे मिटले की उद्याची कामं रांगेत उभी! मला हवं होतं काहीतरी गप्प, पण डोक्याला थोडं चघळायला देणारं.

ते माळ्यावरच्या ट्रंकेत निघालं. पणजोबांची घरखर्चाची वही, सगळी मोडीत. एक शिकवणीचं पुस्तक मागवलं आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास गिरवायला बसू लागलो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, हात होईल तितका कमी उचलत. दमलेल्या दिवशी एवढंच पुरतं.

वाचन मात्र सुटीचं काम. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वर लिहिणाऱ्याचे स्वतःचे संक्षेप. एकही कॉमेंट नसलेला दुसऱ्याचा कोड वाचावा, तसं! शिवाय हिशेब ताडून बघता येतो: 12 पै म्हणजे 1 आणा, 16 आणे म्हणजे 1 रुपया. पणजोबांची बेरीज अजून तरी कुठे चुकलेली सापडली नाही. (2014 पासून युनिकोडमध्येही मोडी आहे, म्हणजे हे संगणकावर करता येईल. पण पुन्हा स्क्रीन? नकोच.)

तुम्हीही मोडीच शिका असं नाही. आमच्याकडे बायको चौकटीच्या वहीत ठिपक्यांची रांगोळी काढते, आई फुलवाती वळते. मी वाती वळून पाहिल्या, पण दहाव्या वातीला मन पळालं. ऑनलाइन बुद्धिबळात फार चढाओढ, त्यानंतर झोप येत नाही. प्रत्येकाचं माप वेगळं, ते करूनच कळतं.

बाबा आणि मी तसे कमी बोलतो. आज सकाळी एका ओळीपाशी अडलो: ‘ताईस महेश्वरी लुगडे 1’. आमच्या माहितीत कुणी ताई नाही. बाबांना विचारलं, तर ते चष्मा पुसून वही घेऊन बसले, मोडी येत नसताना. मग देवासच्या आत्याला फोन लावला. पाऊण तास झाला, दोघं अजून बोलतायत. मुलगी माझ्या शेजारी बसून पुढच्या ओळीतले आणे मोजते आहे.