पहाटेची धपधप

नायलॉनच्या टायरला रात्र लक्षात राहते. गाडी रात्रभर एका जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग तेवढाच चपटा होऊन बसतो, आणि पहाटे गाडी निघाली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो चपटेपणा रस्त्यावर वाजत राहतो. धप, धप, धप. थंडीत जरा जास्तच. मग काही मैल गेले की रबर तापतं, आतले धागे मोकळे होतात, टायर पुन्हा गोल होतो आणि तो आवाज कुठल्याशा वळणावर, कुणाच्या लक्षात न येता, विरून जातो. यातलं कार्यकारण मला फार पुढे कळलं. लहानपणी वाटायचं, गाडीची झोप अजून पुरती उडालेली नाही.

आमची फियाट अकराशे डिलाइट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीतून निघून रंकाळ्याच्या काठाला लागायची तेव्हा उजाडलेलं नसायचं. पाण्यावर धुकं, त्यात शालिनी पॅलेसचा मनोरा अर्धाच दिसणारा. आबा स्टेअरिंगवर, पुढच्या सलग सीटवर त्यांच्या शेजारी आई, तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली धाकटी बहीण, आणि मागे मी एकटा, रेक्झिनच्या थंडगार सीटला कान लावून आडवा. रेक्झिनमधून, काथ्यामधून, स्प्रिंगांमधून ती धपधप माझ्या कानात यायची आणि वेग वाढेल तशी घाईला यायची. फुलेवाडी मागे पडायची. बालिंग्याचा पूल यायचा, खाली भोगावती. आणि पुलाच्या अलीकडे की पलीकडे, हे मला कधीच पकडता आलं नाही, पण तो आवाज संपून त्याच्या जागी एक अखंड घुमणारा सूर सुरू झालेला असायचा. मग कुठल्यातरी गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास यायचा, आबा काच बोटभर खाली करायचे, आणि गगनबावडा अजून बराच लांब असायचा.

किती सुखाचं होतं ते लांब असणं.

ती गाडी अजून आहे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट बनू लागली, तिलाच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी हे नाव मिळालं. आमची त्या पहिल्या नावाची. १०८९ सीसीचं तेच इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगखालीच. पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केले, त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही वेगळी अक्षरं आली. त्यातली एक अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नियम वाचताना मी मनाशी म्हटलं, टायरचं नाव यात नाही. टायर झिजायचेच असतात, बदलायचेच असतात. आणि तरीही रस्त्याला जे टेकतं ते फक्त टायरच. बाकी सगळी गाडी त्यांच्यावर विश्वास टाकून हवेत असते.

जुन्या टायरांची नक्षी अजून जाड होती, पण बाजूच्या भिंतींवर बारीक भेगांचं जाळं उतरलं होतं. उभ्या गाडीचे टायर असेच जातात, पळून नव्हे तर वयानं. त्या भेगांवर हात फिरवताना जुना आकडा बोटांना लागला: ५.२०-१४. सव्वापाच इंचांना जरा कमी रुंदी, चौदा इंचांची रिम. या मापाचे टायर आता सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी नातवंडांना मागे बसवून घाटात जायचं तर मला रेडियलच हवे होते.

कोल्हापुरात जुन्या गाडीला सहसा काही कमी पडत नाही. हे बाबूराव पेंटरांचं गाव, ज्यांनी सिनेमा काढायचा म्हणून आधी कॅमेराच घरी घडवला. शिवाजी उद्यमनगरात आजही झिजलेला बुश हातावर ठेवला की समोरचा माणूस तो उलटसुलट करून बघतो आणि ‘परवा या’ म्हणतो. ओतकाम आहे, लेथ आहे, आणि त्यांहून मोलाची ती नजर आहे. आमच्या गाडीतले कितीतरी भाग आता कुर्ल्याचे उरले नाहीत, उद्यमनगरचे झालेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण टायर लेथवर निघत नाही. तो जगाच्या बाजारातूनच, जगानं ठरवलेल्या मापातूनच निवडावा लागतो.

आमच्या मिस्त्रींनी टायर बघितला, उकिडवे बसून चाकाच्या कमानीत हात घातला आणि म्हणाले, “दुकानदार रुंद टायर दावंल बघा, घेऊ नका. ह्ये गाडीचं पायताण हाय. नंबर चुकला की चाल बदलती.”

चप्पल लाईनीत लहानपणी असंच व्हायचं. मला करकरणारी, दिसायला भरदार जोडी हवी असायची, आणि आबा अंगठ्यापुढे किती जागा उरते तेवढंच बघायचे.

मग काही संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आकड्यांत जीव गुंतू शकतो, हे त्या दिवसांत मला नव्यानं जाणवलं. रेडियलवर १५५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं: रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि शेवटी रिमचे इंच. जुन्या टायरवर उंचीचा आकडाच नाही, कारण तेव्हा उंची आणि रुंदी जवळजवळ सारखीच धरलेली असायची. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर. उंची त्याहून किंचित कमी. रिम धरून चाकाचा सगळा व्यास ६०७ मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा मला जपायचा होता. काट्यानं आबांना जो वेग दाखवला, गिअरनं ज्या चढाला जसा दम धरला, गाडीच्या पोटाखाली जेवढी हवा खेळली, ते सगळं या आकड्यात होतं.

दुकानात पहिल्यांदा पुढे आला तो १७५/६५. देखणा, रुंद, बसका. त्याचा व्यास येतो ५८३. म्हणजे गाडी खरी पन्नासनं जात असताना काटा बावन्न सांगणार, आणि कमानीत चाक खुजं दिसणार. शिवाय आपली अरुंद रिम. त्यात रुंद टायर कोंबला की तो बाहेर फुगतो, आणि पॉवर नसलेलं स्टेअरिंग गल्लीत वळवताना खांदे भरून येतात. दुसरा १६५/८०, स्विफ्टमुळे कुठल्याही दुकानात मिळणारा. व्यास ६२०. वाईट नव्हता. त्याच्या भिंतीची उंची अगदी बरोबर १३२ मिलिमीटर भरते, म्हणजे जुन्या टायरची जी रुंदी होती, तीच नव्यात उभी राहिली आहे. या योगायोगावर मी रात्री उशिरापर्यंत रेंगाळलो. पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या बाजूला जागा फार थोडी उरत होती, आणि जोडीच्या पायताणाचा नंबर योगायोगावर ठरवत नाहीत. १५५/८० चा व्यास येतो ६०४. आबांच्या गाडीपासून तीन मिलिमीटर दूर. मी तो मागवला आणि वाट बघितली.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत दसरा आला. दसरा चौकात सोनं लुटायला आम्ही दरवर्षी जातो, आणि छत्रपती घराण्याची ती जुनी जर्मन मेबॅक येते तेव्हा गर्दीचे डोळे वर, मोटारीतल्या मंडळींकडे असतात. यंदा माझे डोळे खाली होते. एवढी अवजड, एवढी डौलदार गाडी, आणि तिला पेलणारे ते चार काळे गोल. त्यांचं माप कुणीतरी असंच जीव लावून काढत असेल, असं वाटून त्या अनोळखी माणसाबद्दल मला माया वाटली.

टायर आले. दुकानदारानं बाजूचा तारखेचा शिक्का दाखवला, चार अंक: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दुकानात पडून म्हातारे झालेले नव्हते, ताजे होते. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असूनही आत रेडियलची ट्यूब घालायचं ठरलं, कारण टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा आपल्या जुन्या रिमला नाही. आणि मग पंक्चरवाल्यानं ट्यूबवर शंखजिऱ्याची पांढरी पूड मारली. कॅरमबोर्डाची दुपार, नव्या रबराचा उग्र वास, आणि आबा बाजूला छत्री टेकून उभे, हे सगळं एका मुठीत वर आलं.

जुने चार तिथेच भिंतीला टेकलेले होते. त्यांच्या पोटातले धागे तिरके, एकमेकांना छेदत गेलेले. नव्यांतले एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, आणि वर, नक्षीच्या खाली, पोलादी पट्टा. मिशेलिननं १९४६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं तेव्हा आमच्या गाडीचा जन्मही झाला नव्हता. सरळ धाग्यांमुळे टायरची भिंत लवते पण नक्षी रस्त्यावर सपाट राहते, म्हणून वळणावर पकड सुटत नाही. त्यापायीच रेडियल हवा भरलेली असूनही खाली जरा सुटलेला दिसतो. जुन्यांचे तळवे कुणीतरी चपलांना नेईल, नायलॉनच्या टायरच्या तळव्यात तार नसते, ते सुरीला बरे. “पाची बदला बरं का,” मिस्त्री म्हणाले होते. “जुनं-नवं एकत्र नको. एक बाजू रस्ता धरती, एक सोडती.”

पहिल्या पहाटे मी आबांना पुढे बसवलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. रंकाळा मागे पडला, फुलेवाडी आली, आणि खालून काहीच आलं नाही. चाकं पहिल्या फेऱ्यापासून गोल होती. खड्डे मात्र थोडे कडक लागत होते. रेडियलची ती रीतच आहे. पुलावर मी म्हटलं, “आबा, पूर्वी इथवर धपधप यायची. आता नाही येत.”

“कसली?”

मी हातानं गुडघ्यावर वाजवून दाखवलं. ते हसले. “ती होय! त्या आवाजाची मला भीती वाटायची रे. तुम्ही सगळे झोपलेले, आणि टायर कधी दगा देईल सांगता यायचं नाही. पूल ओलांडला की जिवात जीव यायचा.”

माझ्या अंगाईखाली इतकी वर्षं त्यांची काळजी वाजत होती. मी काही बोललो नाही. शेजारून उसाच्या गाड्या जात होत्या. मुलानं मागून फोनवर वेग बघून सांगितला, पन्नास. काटाही पन्नासावरच होता, आणि आबांनी वाकून तो नीट बघून घेतला.

कळ्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, “स्टेपनी?”

पाचवा टायर घरी होता, कागदात गुंडाळलेला. डिकीत अजून जुना नायलॉनचाच होता. तो काढायला माझा हात झाला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं.

“आठवण घरात ठेव,” आबा म्हणाले. “डिकीत चालणारं चाक लागतं. मागं पोरं बसलीत.”

पुढे चहाच्या टपरीपाशी जागा होती. तिथे गाडी वळवली, आणि आम्ही पाचवं चाक घालायला परत कोल्हापूरला निघालो.