ताईच्या दातांची तार

आमच्या घरातल्या भावंडांत पहिली तार ताईच्या दातांना लागली. नव्वदच्या दशकाचे ते मधले दिवस. त्याआधी दातांवरची तार आम्ही पाहिली होती ती फक्त लोणारचं सरोवर बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांच्या पोरांच्या तोंडात. गोमुखाच्या धारेपाशी ती पोरं हसली की उन्हात दात लखलखायचे. आमच्यातल्या पिंट्याचं ठाम मत होतं, की त्यांचे दात पडायला आलेत म्हणून बापाने बांधून ठेवलेत.

आमच्या घरात दातांसाठी कोणी पैसे खर्चत नसे. मोठे बाबा बाभळीची काडी चावत अंगणात फिरायचे, आजीची मशेरी चुलीपाशी भाजली जायची, आम्हाला माकडछाप काळी पावडर. दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा, म्हणजे नवा दात नीट येतो. दाढ दुखली तर लवंग, फारच ठणकली तर मेहकरला जाऊन उपटून यायचं. वाकड्या दाताला कोणी दुखणं समजत नव्हतं.

अपवाद आत्याचा. तिचे पटाशीचे दात पुढे होते आणि ती कायम पदर तोंडाशी धरून हसायची. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांचे निरोप कसे यायचे, हे घरात कोणी उघड बोलत नसे, पण आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं. म्हणून ताईचे दात तिच्याच वळणावर चाललेत हे दिसल्यावर मोठी आई हटून बसली. दादाचे दात खरं तर ताईपेक्षा वाईट होते. एक सुळा तर हिरडीत उंच चढून बसला होता. पण तो पोरगा. त्याच्या सुळ्याचा विषयच कधी निघाला नाही, आणि याचा राग ताईलाच जास्त होता: दुखणार तिला आणि काळजी तिच्या लग्नाची!

औरंगाबादला १९८२ पासून सरकारी दंत महाविद्यालय होतं, तिथे खर्च परवडेल असं कोणीतरी सांगितलं. पहाटेची एसटी, मंठा, जालना, मग औरंगाबाद, दीडेकशे किलोमीटर. मोठ्या आईची समजूत होती की डॉक्टर आधी पुढचे दात बघतील. त्यांनी गाल ओढून दाढा पाहिल्या. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कशी बसते यावरून सगळा हिशेब सुरू होतो. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये घालून दिलेली ही रीत आजही चालते. मग डोक्याचा बाजूने एक्सरे, आणि दातांचं माप. पत्र्याच्या साच्यात गार लगदा भरून तो तोंडात दाबून धरतात, आणि तो घट्ट होईपर्यंत उमासा आवरत नाकाने श्वास घ्यायचा. ताईने नंतर आम्हा सगळ्यांना ओळीने बसवून ते करून दाखवलं होतं, कणकेचा गोळा घेऊन.

निकाल असा लागला, की जागा करायला चार दात काढावे लागतील. सुळ्यामागची दोन्हीकडची एकेक उपदाढ, वर दोन, खाली दोन. घरी ही बातमी पोचली तेव्हा आजीने हातातलं सूप आपटलं.

“चांगले दात कायले उपटता वं पोरीचे? देवानं मोजून देल्ले ते!”

आजीला कोणी सांगितलं नाही, पण अँगलसाहेब तिच्याच बाजूचे होते. बत्तीसच्या बत्तीस दात राखूनच जबडा बसवला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पुढे त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने पाहिलं, की दाटीत कोंबून बसवलेले दात काही वर्षांनी पुन्हा पुढे सरकतात. त्याने तेच रुग्ण परत बोलावले, उपदाढा काढल्या आणि दात नव्याने बसवले. हा वाद शंभर वर्षं चालला आहे आणि आजही प्रत्येक तोंडाला काढाकाढी लागतेच असं नाही. ताईला लागली. आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

तार बसवताना काही दुखत नाही, हे ताईचं पहिलं वाक्य. दातावर आम्लाचा थेंब अर्धा मिनिट ठेवून तो खरखरीत करायचा, धुवायचा, वाळवायचा, मग लुकण लावून तार अडकवायचा छोटा ठोकळा चिकटवायचा आणि वर निळा उजेड मारायचा. दुखणं सुरू झालं ते परतीच्या गाडीत, जालन्याच्या आसपास. त्या रात्री तिला भात चावेना. पुढचे तीन-चार दिवस दात हिरडीत सैल झाल्यासारखे वाटतात, घास चावताना कळ येते, आणि मग अचानक एका सकाळी काहीच वाटत नाही. गालाच्या आतून ठोकळा घासून फोड आला की त्यावर मेणाची गोळी बसवायची. तारेचं टोक मागे टोचत असेल तर मात्र मेणाने भागत नाही, ते कापूनच घ्यावं लागतं.

स्वयंपाकघर बदललं. मोठी आई भाकरी दुधात कुस्करून द्यायची, वरण घोटून घोटून पातळ करायची. त्या वरणाने एक गंमत केली. ठोकळ्यांभोवती तार धरून ठेवायला पारदर्शक रबराची बारीक कडी असतात. आठवड्याभरात हळदीने ती पिवळीजर्द झाली, आणि ताई हसली की ठिपक्या-ठिपक्यांची हळद लागल्यासारखी दिसायची. पुढच्या खेपेला तिने राखाडी रबरं मागून घेतली. हिवाळ्यात शेतावर हुरडा निघाला तेव्हा ती वाटीत दही घेऊन बसली आणि आम्ही तिच्यासमोर खाल्ला. ऊस, बोरं, भाजलेला हरभरा, सगळं बंद. चोरून शेंगदाण्याची चिक्की खाल्ल्याने एक ठोकळा निघाला. तो तिने कागदात जपून औरंगाबादला नेला.

तिला छळायला आमच्याकडे लोणारचं खास हत्यार होतं. अंबर तळ्यापाशी निजलेला मोठा मारुती चुंबकी दगडाचा आहे असं गावात सांगतात. पिंट्याने तिला बजावलं, की आता देवळात जाऊ नको, मारुती तोंडाने ओढून घेईल. ती खरंच काही शनिवार बाहेरूनच नमस्कार करून आली. शेवटी डॉक्टरांना विचारलं. सुरुवातीची बारीक तार निकेल आणि टायटॅनियमची होती, तिला चुंबक ओढत नाही. हा मिश्रधातू १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. वाकवला तरी मूळ आकारात परत येऊ पाहतो, आणि ते येता येता दात ओढतो. दातावर सतत हलका दाब पडला की एका बाजूचं हाड विरघळतं, मागे राहिलेल्या जागेत नवं भरतं. महिन्याला साधारण मिलिमीटरभर. घाई केली तर दाताचं मूळच झिजू शकतं.

डॉक्टरांनी लोणारचं नाव ऐकून ब्रशावरचं व्याख्यानही आमच्या भाषेत दिलं. तुमच्या सरोवराचं पाणी खारट, सामू दहाच्या घरात. दाताला भीती उलट्या टोकाची. ठोकळ्यांभोवती अडकलेल्या अन्नावर जंतू आम्ल करतात, सामू साडेपाचाच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि तार काढल्यावर ठोकळ्यांच्या जागेभोवती पांढरे डाग निघतात. ते सहसा पुरते जात नाहीत. म्हणून खाल्लं की घासायचं. आजी तेवढ्यापुरती खूश झाली, तिचं खाऱ्या पाण्याच्या गुळण्यांचं म्हणणं डॉक्टरांनी मान्य केलं म्हणून.

दर महिन्याला तार आवळायला जायचं. सोबत दादा. त्या खेपांत घराची निम्मी खरेदी गुलमंडीवर झाली, लग्नाचे बस्ते, आजीचा चष्मा, आमची दप्तरं. दादा बाकावर बसून असायचा. एकदा तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्याला म्हटलं, खरी गरज तुम्हाला आहे. तो हसला, तोंड मिटून. पुढे चाळिशी उलटल्यावर, मुलाला घेऊन गेला तेव्हा त्यानेही स्वतःचं काम सुरू केलं. हिरड्या निरोगी असल्या तर वयाची अट नसते. वेळ मात्र जास्त लागतो. आता समृद्धी महामार्गावरून गाडी भुर्रकन जाते, आणि बापलेक कोणाचं जास्त दुखलं यावर भांडत परततात.

ताईची तार दोन वर्षांनी निघाली. मोठ्या आईला वाटलं संपलं, पण सरकलेल्या दातांभोवतीचं हाड नवं असतं, दात जुनी जागा विसरत नाहीत. म्हणून रात्री दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट. ती तिने लग्नाच्या धामधुमीत वर्षभर लावली नाही, आणि खालचा एक दात किंचित फिरला तो फिरलाच. आता नवी करून घेतलीय आणि नेमाने लावते.

आत्याला आता कवळी आहे. नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेला सगळे जमलो होतो. रात्री मोरीपाशी ताईने डबीतून प्लेट काढली, आत्याने वाटीत कवळी ठेवली आणि पदर न धरता खो-खो हसली.

“तुही बी प्लेट, माही बी प्लेट. एवढा पैसा घालून फरक काय पडला वं?”

“फरक आहे आत्या. तुम्ही काढून निजता, मी लावून निजते.”