संघनिवडीचे जमा-नावे

भारतीय क्रिकेट संघ जाहीर झाला की सोलापूरच्या चाटी गल्लीत त्या दिवशी कापडाच्या भावापेक्षा फलंदाजांच्या सरासरीची चर्चा अधिक रंगते. वर्तमानपत्रात पंधरा नावे छापून आलेली असतात. पण वाद होतो तो न छापलेल्या सोळाव्या नावाचा. ‘त्याला घ्यायलाच हवे होते,’ असे गादीवर बसलेले थोरले म्हणतात, आणि मोबाइलवरचे आकडे दाखवून धाकटे त्याला दुजोरा देतात. अशा वेळी ‘मग यांतून काढायचे कोणाला?’ असे एखाद्याने विचारले, की क्षणभर शांतता पसरते. आत कोण यावे हे सांगणे सोपे. बाहेर कोणी जावे हे सांगणे अवघड.

व्यापारी घराण्यांना हा हिशेब नवा नाही. वहीत एका ठिकाणी रक्कम जमा झाली, की दुसऱ्या ठिकाणी तेवढीच नावे पडते. एकच बाजू लिहिणाऱ्या दिवाणजीची वही कधी जुळत नाही. संघनिवडीच्या बहुतेक चर्चा अशा एकाच बाजूने लिहिलेल्या असतात, म्हणून त्या वर्षानुवर्षे चालतात आणि कधीच मिटत नाहीत.

या वहीच्या दोन्ही बाजू ज्यांनी पाहिल्या, असे एक नाव सोलापूरचेच आहे. पहलन रतनजी तथा पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा व्यवसाय कपड्यांचा होता. पुढे कुटुंब मुंबईस गेले आणि उम्रीगर भारताकडून ५९ कसोटी सामने खेळले. १९५५ साली हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय होत. परंतु त्याआधी, १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात, फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे कसोटी सामन्यांतील सात डावांत त्यांच्या अवघ्या ४३ धावा झाल्या होत्या. त्याच दौऱ्यातील इतर प्रथम दर्जाच्या सामन्यांत मात्र त्यांनी दीड हजारांहून अधिक धावा जमवल्या होत्या. यांतला कोणता आकडा खरा मानायचा? ४३ धावांकडे बोट दाखवून त्यांना वगळले असते, तर कोणी फारशी तक्रार केली नसती. निवड समितीने त्यांना ठेवले. त्याच वर्षी मुंबईत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी शतक ठोकले आणि १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील कसोटी मालिकेत ५६० धावा केल्या.

उम्रीगरांना निवडीचा कडवटपणाही चाखावा लागला. १९५८-५९ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत भारताने पाच कसोटींसाठी चार कर्णधार वापरले. मद्रासच्या कसोटीपूर्वी संघात कोणाला घ्यावे यावरून मतभेद झाले आणि आदल्या रात्री उम्रीगरांनी कर्णधारपद सोडले. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, १९७८ ते १९८२ या काळात, तेच निवड समितीचे अध्यक्ष होते. ज्या मेजावरच्या निर्णयाशी त्यांचे पटले नव्हते, त्याच मेजाच्या पलीकडे बसून त्यांना इतरांची नावे लिहावी आणि खोडावी लागली.

वगळल्या गेलेल्यांची यादी पाहिली की तिच्यात तीन निरनिराळी खाती दिसतात. चर्चेत ती एकत्र मिसळली जातात, म्हणून आधी ती वेगळी करणे आवश्यक आहे.

पहिले खाते जागेचे. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी १२४ प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी मिळवले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेतले. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही वाट्याला एकही कसोटी आली नाही. त्यांच्या जागेवर बिशनसिंग बेदी उभे होते. १९७४ साली बंगळूरच्या कसोटीतून बेदींना वगळण्यात आले तेव्हा गोयल यांना बोलावणे गेले. पण प्रत्यक्ष अकरांत त्यांना स्थान मिळाले नाही. येथे शिवलकर कमी पडले असे म्हणता येत नाही आणि बेदींना काढा असेही म्हणता येत नाही. दुकानात एकच मुनीम लागतो आणि दारात तीन उत्तम मुनीम उभे आहेत, अशी ही अडचण होती. संघ म्हणजे गुणानुक्रमे लावलेली यादी नव्हे. सलामीवीर, यष्टिरक्षक, वेगवान गोलंदाज, फिरकी गोलंदाज अशा ठरावीक जागा त्यात भरायच्या असतात. देशातील पाचवा उत्तम फिरकी गोलंदाज हा देशातील दुसऱ्या यष्टिरक्षकापेक्षा सरस खेळाडू असू शकतो. तरीही दौऱ्यावर दुसरा यष्टिरक्षकच जातो.

दुसरे खाते वजनाचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विक्रम नऊ धावांवर होता. परंतु काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये निंबाळकरांची सरासरी ४८ च्या जवळपास होती. तरीही ते एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. त्यांची बाजू घेणारे ४४३ हा आकडा पुढे करतात. शंका घेणारे ‘समोर कोणाची गोलंदाजी होती?’ असे विचारतात. हाच प्रश्न आजही सोलापूर जिल्ह्याच्या दारात उभा आहे. या जिल्ह्याच्या किरण नवगिरे यांनी २०२२ साली नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशविरुद्ध टी-२० सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या. समोरचा संघ दुबळा होता, असा आक्षेप येथेही घेता येतो. पण त्यानंतरच्या सामन्यांतही त्यांची फटकेबाजी तशीच राहिली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी भारतीय संघात पदार्पण केले. रुपया कोणत्याही गावचा असो, त्याची किंमत तीच असते. धावांचे तसे नसते. त्या कोणत्या खेळपट्टीवर, कोणाविरुद्ध आणि किती वेळा झाल्या हे पाहूनच वजन करावे लागते. मात्र वजन करणे वेगळे आणि लहान गावातून आलेला आकडा तराजूत न टाकताच बाजूला सारणे वेगळे.

कधी कधी खेळपट्टीच वजन ठरवते. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी पस्तिशीतल्या जसू पटेल यांच्या ऑफस्पिनचा आग्रह धरला, कारण खेळपट्टी नव्याने तयार केलेली होती. पटेल यांनी सामन्यात १४ गडी बाद केले आणि भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळवला. दुसऱ्या डावात चार गडी बाद करून उम्रीगरांनी त्यांना साथ दिली.

तिसरे खाते मात्र अन्यायाचे आहे आणि ते पहिल्या दोहोंत मिसळणे हा त्या माणसांवर दुसरा अन्याय होतो. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्या काळी भारतात त्यांच्या तोडीचा गोलंदाज नव्हता. परंतु ते चर्मकार समाजातले असल्याने हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांनाही ते नाकारले गेले तेव्हा १९२० साली बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. येथे जागा कमी नव्हती आणि गुणांविषयी शंकाही नव्हती. वगळण्याचे कारण मैदानाबाहेरचे होते.

म्हणून कोणत्याही निवडीवर बोलताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. या जागेवर दुसरे कोण होते? कोणत्या मापाने मोजले, आणि ते माप सर्वांना सारखे होते का? आणि खेळाशी संबंध नसलेले काही कारण त्यात शिरले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुःखद असू शकते, पण त्यात दोष कोणाचाच नसतो. दुसऱ्याच्या उत्तरावर खुला वाद व्हावा. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर गप्प बसू नये.

ही शिस्त क्रिकेटपुरती राहिली नाही तर बरे. पेढीची सूत्रे दोन भावांपैकी एकाकडे सोपवताना, नोकरीसाठी आलेल्या पाच तरुणांतून एकाला ठेवताना, शाळेच्या संघातून नाव गळलेल्या नातवाची समजूत घालताना हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात. ‘तू कमी पडलास’ आणि ‘तुझ्या जागी आधीच कोणी होते’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि मुलाला त्यांतले खरे कोणते हे कळण्याचा हक्क आहे. खोटी सहानुभूती त्याला तेवढीच महागात पडते जेवढी खोटी निंदा.

अमोल मुजुमदार यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९८८ साली शालेय स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना ते पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा आणि एकूण प्रथम दर्जाच्या अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारतीय संघात त्यांना जागा झाली नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. हेच मुजुमदार २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते.

त्या स्पर्धेसाठी प्रथम जाहीर झालेल्या संघात शफाली वर्मा नव्हत्या. तीनशेहून अधिक धावा करणाऱ्या सलामीच्या प्रतिका रावळ बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना जायबंदी झाल्या, म्हणून उपांत्य सामन्यापूर्वी शफाली यांना बोलावले गेले. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी ८७ धावा केल्या, दोन गडी बाद केले आणि सामनावीराचा मान मिळवला. विजयानंतर मैदानात जल्लोष सुरू झाला तेव्हा प्रतिका चाकाच्या खुर्चीवर बसून त्यात होत्या, आणि ज्यांच्या जागी शफाली खेळल्या त्यांना त्या रात्री कोणी विसरले नाही.