काजव्यांच्या रानात पहिला हक्क कुणाचा?

मेच्या अखेरीस मुलांच्या हट्टापायी आम्ही श्रीरामपूरहून काजवे पाहायला निघालो. संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात पोहोचलो, तेव्हा असरची वेळ झाली होती. जलाशयाच्या काठीच नमाज अदा केली. धाकट्याने विचारले, "अम्मी, आपल्या पाटाला येतं ते हेच पाणी का?"

हेच. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी प्रवरेतून आणि पुढे कालव्यांतून श्रीरामपूर-राहुरीपर्यंत जाते. आमच्याकडचा ऊस त्यावरच वाढतो. ज्या दरीत ते अडवले, ती दरी मात्र इथल्या लोकांची होती.

रतनवाडीच्या वाटेवर एका महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो. मावशींनी नागलीची भाकरी, पिठले आणि भात वाढला. अंगणात हिरडा वाळत होता. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "बाळहिरडा आहे. दोन पैसे येतात त्याचे. पण रानात शिरताना धास्ती असते, कुणी हटकेल म्हणून. तुमच्या गाड्या मात्र थेट झाडाखाली येतात."

मगरिबनंतर अंधार दाटला आणि सादडा, हिरडा, जांभळीची झाडे एकदम लुकलुकू लागली. मुलांच्या तोंडून "सुबहानल्लाह" निघाले. तेवढ्यात एक गाडी दिवे लावूनच आली, गाणी सुरू झाली, मोबाइलचे झोत झाडांवर फिरू लागले. काजव्याचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. आपल्या उजेडात ती हरवते, आणि गवतातले काजवे पायाखाली चिरडले जातात.

हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. शेकरूसारख्या प्राण्यांसाठी जंगल राखायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण ते राखताना नियमांचा भार कुणावर पडतो आणि पर्यटनाचा पैसा कुणाकडे जातो? २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क तो देतो. वन्यजीवांसाठी गाव हलवायचे ठरले, तरी ग्रामसभेची लेखी संमती लागते. कायदा कागदावर आहे. तो मावशींच्या अंगणापर्यंत पोहोचला, तरच त्यांची धास्ती जाईल.

त्या रात्री मला हजरत उमर (रजि.) आठवले. त्यांच्या काळातही राखीव कुरणे होती, त्यांना 'हिमा' म्हणत. तिथे नेमलेल्या हुनै नावाच्या माणसाला त्यांनी दिलेली ताकीद सहीह बुखारीत आली आहे. मजलूमाच्या बद्दुआपासून सांभाळून राहा. थोडकी उंटे, थोडक्या शेळ्या-मेंढ्या असणाऱ्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांच्या कळपांना मात्र रोख, कारण जनावरे मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि बागा आहेत, गरीब माणूस मुलेबाळे घेऊन माझ्याच दारात येईल. ही भूमी त्या लोकांचीच आहे, हेही त्यांनी बजावले.

उमर (रजि.) यांनी कुरण सर्वांसाठी खुले केले नाही, आणि सर्वांना सारखेच बंदही केले नाही. ज्याचे पोट त्यावर आहे तो आधी, ज्याच्याकडे दुसरी सोय आहे तो नंतर. या मापाने पाहिले, तर काजव्यांच्या रानात आम्हीच ते मोठ्या कळपाचे मालक होतो.

दुसऱ्या दिवशी साम्रदची सांदण दरी पाहायला गावातलाच एक तरुण वाटाड्या घेतला. कुठल्या खडकावर पाय ठेवायचा, कुठे थांबायचे, हे त्याला पाठ होते. हे जंगल कसे सांभाळावे, हे ठरवताना त्याला आणि मावशींना बैठकीत बसवून विचारले पाहिजे, असे वाटत राहिले.

वाचक भगिनींनो, तुम्हीही जरूर जा. गाडी गावाबाहेर ठेवा, मोबाइल खिशात ठेवा, गावातच मुक्काम करा, गावातच जेवा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.

निघताना मावशींनी मुलांच्या हातावर मूठभर करवंदे ठेवली. परतीच्या वाटेवर पाट दिसला, तेव्हा धाकटा म्हणाला, "अम्मी, हे मावशींच्या गावचं पाणी."